खान्देशच्या काळ्या मातीत मेटल डिटेक्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापूस वेचताना जोडवं गळून पडतं, केळीची पानं कापताना बोटातली अंगठी निसटते, निंदणी करताना मंगळसूत्र तुटून वाट्या मातीत जातात. मग कुणीतरी डिटेक्टर आणतो, आणि मशीन अख्ख्या शेतात बोंबलत सुटतं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या लोकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

व्हिडिओत परदेशातली माणसं फूटभर खालचं नाणं काढतात. आमच्या शेतात मशीन जमिनीला टेकवलं की नुसतं ओरडतं. भाऊ, मशीन बिघडेल शे का?

मशीन बरोबर आहे. ते ओरडतंय ते मातीवर.

आपली जमीन दख्खनच्या काळ्या दगडाची, म्हणजे बेसाल्टची झीज होऊन तयार झाली आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून हा दगड बनला. त्यात लोखंड भरपूर आहे आणि त्यातला बराच भाग टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडी खनिजाच्या, बारीक कणांच्या रूपात असतो. दगड झिजून माती झाली तरी हे कण मातीत राहतात.

डिटेक्टरच्या खालच्या टोकाची चकती, म्हणजे कॉइल, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. अंगठीसारख्या धातूत त्यामुळे छोटे विद्युत प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद किंचित उशिरा परत येतो. मॅग्नेटाइट जवळजवळ लगेच प्रतिसाद देतं. मशीन या उशिरावरूनच माती कोणती आणि धातू कोणता ते ठरवतं. खरी अडचण प्रमाणाची आहे. अंगठी एकच आणि एवढीशी, तर कॉइलखालची सगळी माती एकदम बोलत असते. लग्नाच्या डीजेशेजारी उभं राहून कानातलं कुजबुजणं ऐकावं, तसलं हे काम आहे. त्यात काही अतिसूक्ष्म कण असे असतात की त्यांचा प्रतिसादही धातूसारखाच रेंगाळतो. तिथे साधं मशीन फसतं.

म्हणजे माती जितकी काळी तितका त्रास जास्त?

नाही, रंगावर जाऊ नका. काळ्या मातीच्या रंगात चिकणमाती आणि सेंद्रिय भाग यांचाही वाटा असतो. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठची खोल गाळाची जमीन दिसायला काळीभोर असते, पण सगळीकडे सारखी असल्यामुळे मशीनची सेटिंग तिच्यावर लवकर जमते. उलट माळावरचा मुरूम, लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दिसणारा लाल मातीचा पट्टा आणि नंदुरबार-धुळे पट्ट्यात भिंतीसारखे उभे असलेले काळ्या दगडाचे डाइक यांच्या आसपास चार पावलांत जमीन बदलते. मशीनला जास्त त्रास देतो तो हा बदल.

आणखी एक जागा लक्षात ठेवा: जिथे माती भाजली गेली आहे ती. जुनी वीटभट्टी, चूल, पऱ्हाट्या पेटवलेली जागा. उष्णतेने मातीतल्या लोखंडी खनिजांचं रूप बदलतं आणि ती जास्त चुंबकीय होतात. धातूचा कणही नसताना अशा जागी मशीन ठाम आवाज देऊ शकतं.

आपली जमीन कशी आहे ते घरीच पाहता येतं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि कोरड्या, भुसभुशीत मातीतून फिरवा. पिशवीला काळ्या कणांची लव चिकटते. पिशवी उलटी करून चुंबक बाजूला केलं की ते कण कागदावर गळतात. नदीच्या वाळूत जिथे काळ्या रेघा दिसतात तिथे तर चुंबकाला दाढीच फुटते. जेवढे कण जास्त, तेवढी सेटिंगला मेहनत जास्त.

ग्राउंड बॅलन्स म्हणजे नेमकं काय करायचं?

मातीचा आवाज कोणता हे मशीनला शिकवायचं, म्हणजे ते तेवढाच वजा करतं. आधी धातू नसलेली जागा शोधा. दोन-चार ठिकाणी कॉइल फिरवून जिथे आवाज एकसारखा येतो ती जागा घ्या. बॅलन्सचं बटण दाबून कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरवरून साधारण एक फुटापर्यंत वर-खाली करा. वर नेताना आणि खाली आणताना आवाज सारखा राहिला की काम झालं. आकडा किती आला याची दुसऱ्याच्या मशीनशी तुलना करू नका, प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी असते.

आपोआप बॅलन्स करणारी सोय, म्हणजे ट्रॅकिंग, डाइकच्या किंवा मुरमाच्या बदलत्या जमिनीत उपयोगी आहे. एकसारख्या काळ्या शेतात मी ती बंद ठेवतो. कारण साधं आहे: बारीक सिग्नल मिळाला म्हणून तुम्ही त्याच जागेवर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवली, तर ट्रॅकिंग त्या दागिन्यालाच माती समजून पुसून टाकू शकतं.

सेन्सिटिव्हिटी फुल ठेवली तर मशीन खोल जाईल ना?

सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून जरा सविस्तर.

सेन्सिटिव्हिटी वाढवली की अंगठीचा आवाज वाढतो, आणि मातीचाही तेवढाच वाढतो. चुंबकीय मातीत एक वेळ अशी येते की मातीच्या आवाजाने मशीनचं डोकं भरून जातं आणि अंगठी ऐकायला जागाच उरत नाही. काही मशीन ओव्हरलोड म्हणून सांगतात, काही नुसती बडबडत राहतात. अशा वेळी सेन्सिटिव्हिटी खाली आणली की प्रत्यक्षातली पकड वाढते. विचित्र वाटेल, पण स्वतः करून बघा.

दुसरी गोष्ट खोलीची. कॉइलचं क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने क्षीण होतं, आणि वस्तूकडून परत येणारा प्रतिसादही तसाच. कॉइलच्या मानाने वस्तू दूर असेल, तर खोली दुप्पट झाल्यावर सिग्नल सुमारे ६४ पट कमी होतो. माती मात्र कॉइलला चिकटूनच असते, ती काही खाली जात नाही. त्यामुळे बटण पिरगाळून हे अंतर भरून निघत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. बॅलन्स करून स्वच्छ पट्ट्यावर कॉइल नेहमीच्या वेगाने फिरवायची आणि बडबड थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी एकेक घर खाली आणायची. मग हरवलेल्या दागिन्यासारखाच दुसरा दागिना घ्यायचा. जोडवं असेल तर दुसऱ्या पायातलं चालतं. त्याला लांब दोरा बांधून तो आधी जमिनीवर ठेवायचा, नंतर चार बोटं खाली पुरायचा, मग वीतभर. दोरा विसरू नका, नाहीतर दोन दागिने शोधावे लागतील. कुठपर्यंत आवाज ठाम येतो ते कळलं की या शेतात आज आपलं मशीन किती खोल खरं बोलतं ते कळलं. गेल्या आठवड्यात पडलेली अंगठी बहुतेक वेळा याच थरात असते.

कॉइल मोठी घ्यावी की लहान?

लहान. मोठी कॉइल एका वेळी जास्त माती पाहते, म्हणजे जास्त गोंगाट. आपल्या जमिनीत सहा ते नऊ इंची डबल-डी कॉइल बरी. डबल-डी कॉइल मधल्या अरुंद पट्टीने पाहते, त्यामुळे वर्तुळाकार कॉन्सेंट्रिक कॉइलपेक्षा तिच्यावर मातीचा परिणाम कमी होतो.

साधं व्हीएलएफ (फार कमी फ्रिक्वेन्सीचं) मशीन, मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकदम अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं) की पल्स इंडक्शन?

पल्स मशीन झटका देऊन थांबतं आणि थोड्या उशिराने ऐकतं. तोवर मॅग्नेटाइटचा बराचसा प्रतिसाद विरून गेलेला असतो, म्हणून अवघड मातीत ते खोल जातं. रेंगाळणारे सूक्ष्म कण मात्र त्यालाही छळतात, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स असलेलंच पल्स मशीन कामाचं. शेतात त्याची मोठी उणीव अशी की लोखंड आणि सोनं ते धड वेगळं करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या रानात खिळे, बैलाच्या पत्र्या, वखराचे तुकडे, तार हे सगळं पडलेलं असतं. प्रत्येक खिळ्यासाठी खड्डा करत बसाल.

हरवलेल्या दागिन्यासाठी मी मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन निवडेन. एकच फ्रिक्वेन्सी असलेलं पण हाताने बॅलन्स करता येणारं मशीनही चालतं. ज्याचा बॅलन्स कारखान्यातूनच पक्का करून येतो, ते स्वस्त मशीन इथल्या मातीत घेऊ नये. ते खेळण्यापुरतं.

सोन्याच्या नंबरवर (धातू ओळखायला मशीन दाखवतं तो आकडा) सेट करून बाकी सगळं बंद केलं तर?

तर सोनंच हुकेल. चुंबकीय मातीत वस्तू जसजशी खोल जाते तसतसा तिचा नंबर घसरतो आणि सोन्याची अंगठी लोखंडाच्या नंबरावर दिसू शकते. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळण्याची सोय, शून्यावर किंवा अगदी कमी ठेवा, ऑल मेटलमध्ये, म्हणजे सगळे धातू वाजतील असं, ऐका आणि पुन्हा पुन्हा, दोन्ही बाजूंनी येणारा प्रत्येक आवाज उकरा. कपाशीच्या शेतात फवारणीच्या औषधाच्या बाटल्यांची अॅल्युमिनियमची सील भरपूर मिळतील. त्यांचा आवाज बारीक सोन्यासारखाच असतो, इलाज नाही.

दागिन्यादागिन्यातही फरक आहे. चांदीचं जोडवं ठणठणीत बोलतं. मंगळसूत्राच्या वाट्या सापडतात, पण बारीक साखळी फसवते, कारण मशीनला ती अखंड वस्तू म्हणून दिसत नाही, सुटी सुटी कडी दिसते. नाकातली फुली सर्वांत अवघड. तिच्यासाठी लहान कॉइल, जास्त फ्रिक्वेन्सी आणि गोगलगायीचा वेग.

कापूस वेचताना अंगठी हरवली. सगळ्यात आधी काय करू?

आधी शेतात ट्रॅक्टर जाऊ देऊ नका. रोटाव्हेटर एकदा फिरला की वरची वस्तू वीतभर खाली जाते, वाकते, तुकडे होतात. पाणीही देऊ नका.

मग त्या दिवसाचा माग काढा. कुठल्या तासापासून वेचणी सुरू झाली, जेवायला कुठे बसलो, हात कुठे धुतले, गाठोडं कुठे बांधलं, ते सगळं जिची अंगठी हरवली तिला शांतपणे विचारा. आठवतं त्या प्रत्येक ठिकाणी काडी रोवा.

यानंतर शेतात जाण्याआधी कापूस तपासा. वेचताना कापूस ओटीत जातो, आणि सैल अंगठी बोटातून निसटते ती बहुतेक त्याच क्षणी, ओटीतच. कापूस ताडपत्रीवर पातळ पसरा आणि वरून कॉइल फिरवा. ताडपत्री लोखंडी पत्र्यावर किंवा सळई घातलेल्या ओट्यावर नको. कापसात खनिज नसतं, मशीन पूर्ण ताकदीने चालतं आणि गुंजभर सोनंही लपत नाही. कापूस जिनिंगला गेला तर हा मार्ग बंद. हेच उकिरड्याला आणि कुट्टीच्या ढिगाला लागू आहे.

आणि एक विनंती. दागिना हरवला की घरात पहिला संशय कामाला आलेल्या मजूर बाईवर जातो. रोजाने येणारी बाई एकदा चोर ठरली की गावात तिला दुसरं काम मिळणं कठीण होतं. कापूस, बांध, जेवणाची जागा आणि चाललेले सगळे तास नीट तपासून होईपर्यंत तोंडातून कुणाचं नाव काढू नका.

सरी-वरंब्यात आणि भेगा पडलेल्या रानात कसं फिरायचं?

सरीला आडवी कॉइल मारली तर ती वरंब्यावर जमिनीला लागते आणि सरीत अधांतरी राहते. जमिनीपासूनचं अंतर बदललं की मातीचा आवाजही बदलतो, आणि प्रत्येक वरंबा दागिन्यासारखा बोलतो. म्हणून सरीच्या दिशेने, लांबीत फिरा. आधी सगळ्या सऱ्यांचे तळ, मग सगळे माथे. कॉइल दोन-तीन सेंटीमीटरवर, पण जमिनीला न घासता. दर फेरीला आधीच्या फेरीचा अर्धा भाग पुन्हा झाकला गेला पाहिजे. काठ्या रोवून सुतळी ताणली तर चुकत नाही. नुसत्या नजरेने चालणारा माणूस निम्मं शेत सोडून देतो.

उन्हाळ्यात काळी माती आकसून हातभर भेगा पडतात. भेग म्हणजे मातीतली पोकळी, आणि तिच्यावरून जाताना खोटा आवाज येतो. पण अंगठी पडायची जागाही तीच. भेगेत गेलेली अंगठी बऱ्याचदा उभी अडकते आणि उभ्या कड्याचा सिग्नल आडव्यापेक्षा खूपच कमी येतो. म्हणून भेगेच्या दोन्ही काठांनी, दोन वेगळ्या दिशांनी कॉइल न्या. बॅटरी लावून आत डोकावायलाही विसरू नका, पिवळं चमकतं.

शक्य असेल तर वाफशावर शोधा. चिखलात कॉइलला मातीचे गोळे चिकटतात आणि तेच गोळे आवाज करतात. ओली, खतं सोडलेली किंवा चोपण जमीन वीजही वाहून नेते. तिचा सिग्नल मॅग्नेटाइटपेक्षा वेगळा असल्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीच्या मशीनला दोन्ही एकदम वजा करता येत नाही. ठिबकमधून खत सोडलेल्या केळीच्या बागेत हे हमखास जाणवतं. वाफशावर ढेकूळ हाताने फुटतं, भेगा अर्ध्या मिटलेल्या असतात आणि मशीनही शांत असतं.

आवाज आला, उकरलं, पण वस्तू दिसत नाही. माती कशी तपासू?

मूठभर माती उचलून कॉइलवर हलवू नका. इथली माती नुसती हलवली तरी बीप येते आणि मुठीत सोनं आहे असं वाटतं. उकरलेली माती प्लास्टिकच्या टपात घ्या, पातळ पसरा आणि तिच्यावरून कॉइल फिरवा. लोखंडी घमेलं, फावडं, कुदळ चार पावलं लांब. खड्ड्यात आवाज उरला आहे का तेही दर वेळी बघा, नाहीतर वस्तू खाली आणि तुम्ही टपात.

काळे धोंडे धातूसारखे का वाजतात?

आजूबाजूच्या मातीपेक्षा त्यांच्यात खनिज कमी-जास्त असतं म्हणून. कॉइल हळूहळू वर उचला. धोंड्याचा आवाज पटकन विरतो, धातूचा थोडा टिकतो. खात्री होत नसेल तर धोंडा पायाने बाजूला सरकवा. आवाज त्याच्याबरोबर सरकला की विषय संपला.

कधी कधी मशीन अचानक वेड्यासारखं का करतं?

वीज. वरून जाणारी तार, चालू असलेली मोटर, रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीन, खिशातला मोबाईल. शेतीचा वीजपुरवठा बंद असेल ती वेळ निवडा, शेजाऱ्याची झटका मशीन विचारून बंद करा, मोबाईल फ्लाइट मोडवर टाका.

बोअरचं पाणी, पाइपलाइन यांचा शोध लागतो का?

पाण्याचा नाही. पीव्हीसी पाइपचाही नाही. लोखंडी पाइप, व्हॉल्व्ह आणि बुजलेल्या बोअरचं लोखंडी केसिंग सापडतं.

दहा फूट खोल सोनं दाखवणारं, हातात धरायचं अँटेनाचं यंत्र मिळतं. घ्यावं का?

घेऊ नका. दुरूनच सोनं हेरणारा, हातात फिरणारा दांडा धरायचा, अशा यंत्रांना कसलाही शास्त्रीय आधार नाही. असल्याच दांड्याचं बॉम्बशोधक यंत्र इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश माणसाला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या यंत्रावर विसंबून तपासणी नाक्यांवर गाड्या सोडल्या जात होत्या. दोन टोकांना दोन पेट्या असलेलं खरं मशीन मीटरभर किंवा त्याहून खालचा हंड्याएवढा धातू दाखवू शकतं, पण अंगठी-नाणं त्याला दिसतच नाही.

गुप्तधनाच्या नावाने कुणी पूजा, बळी, पायाळू माणूस असं काही बोलू लागला तर तिथून उठा आणि पोलिसांना कळवा. त्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहेत.

गावातल्या जुन्या गढीवर किंवा किल्ल्यावर मशीन फिरवलं तर चालेल?

नाही. संरक्षित स्मारकावर परवान्याशिवाय खोदणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी हेच सांगेन. थाळनेर ही खान्देशच्या फारुकी सुलतानांची सुरुवातीची राजधानी. प्रकाशे इथे तापीकाठच्या टेकाडावर बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केलं, आणि गिरणेकाठच्या बहाळलाही पन्नासच्या दशकात उत्खनन झालं. ताम्रपाषाण काळात, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरली जात तेव्हा, खान्देशात माणसं कशी राहत होती हे कळलं ते एकावर एक बसलेल्या थरांमुळे. कुठलं खापर कुठल्या थरात, कशाशेजारी होतं, यावरून काळ ठरतो. आवाज आला म्हणून कुणी मध्येच भोक पाडून तांब्याचा तुकडा उपसला, तर तुकडा हातात राहतो आणि त्याची माहिती कायमची जाते. आपल्या भागाचा इतिहास आधीच कमी लिहिला गेलाय. पांढरीच्या टेकाडावर, पडक्या गढीवर मशीन नेऊच नका.

स्वतःच्या शेतात अंगठी शोधताना जुनी नाणी निघाली. ती माझीच ना?

लगेच तसं नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं: काय, किती, कुठे, कधी. न कळवल्यास वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कळवल्यावर चौकशी होते. कुणाचा हक्क निघाला नाही, तर सापडणारा आणि जमीनमालक यांच्या वाट्याचा विचार होतो. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जादा देऊन ती घेता येते. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती यांना १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो, म्हणजे परस्पर परदेशी विकायची सोय नाही.

नाणी घासू नका, चिंच लावू नका, सोनाराकडे नेऊ नका. जिथे निघाली तिथेच हात थांबवा, खड्ड्याचा फोटो काढा, खोली काठीने मोजून लिहा, मातीसकट कागदात गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याला सोबत घेऊन अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.